विळी, अडकित्ता, सांडशी : घरगुती अवजारांची घडण आणि देखणेपण

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर, पैनगंगेच्या अलीकडे, कनेरगाव नाका हे गाव लागते. पूर्णा-अकोला लोहमार्गावर या नावाचे स्थानकही आहे. पुढे गेले की मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. १९५६ मध्ये हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात आले. तोपर्यंत या परिसरातून जिल्ह्याची नव्हे, तर राज्याची हद्द जात होती. अलीकडे आधी निजामाचे संस्थान व नंतर हैदराबाद राज्य, तर पलीकडे वऱ्हाड. अशा हद्दींवर राज्यकर्ते बदलतात, चलन बदलते, बोली बदलते. घरातील अवजारे मात्र फारशी बदलत नाहीत. बदलतात ती त्यांची नावे. मराठवाड्यातले बगुणे वऱ्हाडात गंज होते, उलथण्याचा सराटा होतो आणि विळ्याचा इळा. वस्तू तीच, तिचा बाकही तोच आणि ती धरणाऱ्या हाताची सवयही तीच.

ही अवजारे इतकी नित्याची असतात, की त्यांच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. देव्हाऱ्यातील समई आणि दिवाणखान्यातील पितळी हत्ती यांच्या वाट्याला येणारे कौतुक विळीच्या, सांडशीच्या किंवा झाऱ्याच्या वाट्याला कधी येत नाही. वास्तविक शोभेच्या वस्तूपेक्षा वापराच्या वस्तूची परीक्षा कठोर असते. ती रोज हातात येते, रोज तापते, भिजते, आपटते. तिच्या आकारात जे अनावश्यक असते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरात गळून पडते आणि उरते ते केवळ आवश्यक. या आवश्यकतेतूनच तिचे सौंदर्य निपजलेले असते.

घडविणारे हात

घरगुती धातूकामाचे मराठी मुलखात पूर्वापार काही ठळक विभाग होते. लोखंड लोहाराचे, तांब्याची भांडी ठोकून घडविणे तांबटाचे, पितळ-काशाचे ओतकाम ओताऱ्याचे आणि तयार भांड्यांचा व्यापार बव्हंशी कासाराचा. यांपैकी लोहार हा बारा बलुतेदारांतील एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत शेतकऱ्याची अवजारे वर्षभर नीट ठेवण्याच्या बदल्यात कारागिराला सुगीच्या वेळी धान्य मिळत असे. नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, विळा ही लोहाराची मुख्य कामे. विळी, तवा, उलथणे, सांडशी, पळी ही घरातील अवजारे त्याच भट्टीतून बाहेर पडत.

गावच्या लोहाराखेरीज आणखी एक कारागीर रस्त्यांवरून फिरत आला आहे. तो म्हणजे घिसाडी. गाडी लोहार या नावानेही हा समाज ओळखला जातो आणि महाराष्ट्रात त्याची गणना भटक्या जमातींत होते. आपले पूर्वज राजपूत होते अशी या समाजात परंपरा सांगितली जाते. गावाबाहेर किंवा नाक्याच्या कडेला पाल ठोकायचे, जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात कोळशाची भट्टी पेटवायची, ऐरण रोवायची आणि आसपासच्या गावांची कामे संपली की पुढचा मुक्काम गाठायचा, असा हा व्यवसाय. या भट्टीवर एक दृश्य हमखास दिसते. पुरुष बसून सांडसात तापलेला तुकडा धरतो आणि स्त्री उभी राहून दोन्ही हातांनी घण घालते. पुरुषाच्या उजव्या हातात लहान हातोडा असतो. तो त्या हातोड्याने ज्या जागी हलकी टिचकी मारतो, त्या जागी पुढचा घाव पडतो. शब्द न उच्चारता चाललेले हे संभाषण असते. तुकडा किती वळवायचा, घाव केव्हा थांबवायचा हे सारे त्या टिचकीतून कळते. बाजारात हाती येणाऱ्या विळीच्या पात्यात या स्त्रीचे श्रम निम्म्याहून कमी नसतात. पण कारागीर म्हणून तिचा उल्लेख क्वचितच होतो.

लोखंडाला पाणी

लोखंड सुमारे १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या लहान भट्टीत ते वितळविण्याची गरज नसते. मऊ करणे पुरेसे असते. लोहाराजवळ तापमापक नसतो, रंग असतो. सातशे-आठशे अंशांच्या आसपास लोखंड लाल दिसते, त्यापुढे नारिंगी आणि अकराशे-बाराशेच्या सुमारास पिवळे. घडविण्याचे काम नारिंगी-पिवळ्या रंगात करावयाचे. तांबूस काळसर झालेल्या तुकड्यावर घाव घालत राहिले तर तो चिरतो, आणि भट्टीत विसरला तर जळतो. म्हणून भट्टी शक्यतो सावलीत मांडतात. भर उन्हात रंग नीट ओळखता येत नाही.

धारेसाठी साधे लोखंड चालत नाही. ज्यात कार्बनचे प्रमाण अत्यल्प आहे अशा नरम लोखंडाला धार लावली तरी ती लवकर बोथटते. त्यासाठी पोलाद लागते. महामार्गालगतच्या लोहारांनी या पोलादाचा एक सोपा स्रोत शोधून काढला आहे. मालमोटारीचे तुटलेले किंवा निकामी झालेले पाटे, म्हणजे चाकांवरील कमानी. या पाट्यांच्या पोलादात सुमारे अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होणे हाच त्याचा धर्म. गॅरेजच्या दारात पडलेला असा पाटा कापून, तापवून, ठोकून त्याचा कोयता किंवा विळीचे पाते होते. लाखो खडबडीत किलोमीटर सोसलेले पोलाद अखेर कुणाच्या तरी घरी कांदा चिरू लागते.

घडविलेल्या पात्याला शेवटी 'पाणी' द्यावे लागते. लाल तापलेले पाते पाण्यात बुडविले की आतील रचना एकाएकी गोठते आणि पोलाद अतिशय कठीण होते. परंतु त्याच वेळी ते ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवितात. घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर या वेळी आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा असे रंग क्रमाने उमटत जातात. हवा तो रंग धारेपर्यंत पोहोचला की काम थांबवायचे. पिवळ्याला थांबले तर धार कडक, निळ्याला थांबले तर पाते लवचिक. मराठीत धार लावण्याला 'पाजविणे' म्हणतात. तहानलेल्याला पाणी पाजावे तसे पोलादाला पाजावयाचे, ही कल्पना या एका क्रियापदात साठलेली आहे.

विळी

मराठी स्वयंपाकघराचे सर्वांत स्वतंत्र अवजार कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर विळी असेच द्यावे लागेल. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी हलते. फळीवर पाय किंवा मांडी ठेवून बसले की शरीराच्या वजनानेच अवजार पक्के होते व दोन्ही हात मोकळे राहतात. त्यामुळे भाजी दोन्ही बाजूंनी धरता येते, चिरण्याची जाडी बोटांच्या अंदाजाने ठरविता येते आणि भोपळ्यासारखे कठीण फळ दोन्ही हातांच्या जोराने खाली दाबता येते. ही सारी सोय अर्थात जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याच्या पद्धतीशी जोडलेली आहे. ओटा आला, उभ्याचा स्वयंपाक आला, तेव्हा विळीची फळी निरुपयोगी झाली. काही कारखानदारांनी ओट्यावर अडकविता येणाऱ्या विळ्या काढल्या, परंतु सुरी आणि पाट यांनी बहुतेक शहरी घरांत त्यांची जागा घेतली.

विळीच्या पात्याचा बाक हा शोभेसाठी नाही. सरळ पात्यावर भाजी दाबावी लागते. बाकदार पात्यावर ती सरकत जाते आणि सरकता सरकता कापली जाते. पाते बुडाशी रुंद व जाड असते, वर निमुळते होत जाते. कठीण वस्तू बुडाशी, कोथिंबिरीसारखी नाजूक वस्तू टोकाकडे, अशी वाटणी वापरणारीला कोणी शिकवावी लागत नाही. टोकाला दातेरी खवणी असली की ती नारळ खवण्यासही उपयोगी पडते. मालवणीत या अवजाराला आडाळो म्हणतात. नारळाचा वापर बेताचा असलेल्या घाटमाथ्यावरील मुलखात खवणीविना विळीही सर्रास दिसते. पाते मिटवून ठेवता येईल अशी बिजागरीची विळी हा त्यातील आणखी एक चतुर प्रकार. लहान मुलांच्या घरात त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जुन्या संपन्न घरांतील काही विळ्यांना पितळी बैठक असे आणि तिला मासा, मोर अशा प्राण्या-पक्ष्यांचे रूप दिलेले असे. पाते आणि बैठक यांचा सांधा जेथे झाकावयाचा तेथे पक्ष्याची मान येते, हे पाहिले म्हणजे अलंकरण आणि उपयोग यांत त्या कारागिराने भेद मानला नव्हता हे ध्यानात येते.

अडकित्ता

घरगुती लोखंडी वस्तूंत अलंकरणाची सर्वाधिक हौस अडकित्त्यावर झालेली आढळते. कारण तो स्वयंपाकघरात नव्हे, तर बैठकीत वावरत असे. पाहुण्यासमोर पानाचे तबक येई आणि त्याबरोबर अडकित्ता. कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' किंवा 'अडके' म्हणतात. अडकित्ता या शब्दाचा पूर्वार्ध तेथे दिसतो. हिंदीत त्यास सरौता व गुजरातीत सूडी म्हणतात, आणि गुजरातेत जामनगरच्या सुड्यांची विशेष ख्याती आहे.

अडकित्त्याची यांत्रिक रचना साधी पण नेमकी आहे. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला हात आणि मध्ये सुपारी. सुपारी खिळ्यापासून तीन सेंटिमीटरवर आणि मुठीचा दाब पंधरा सेंटिमीटरवर असेल, तर तो दाब सुपारीवर पाचपट होतो. दातांनी न फुटणारे कठीण फळ अशा रीतीने बोटांच्या जोराने कातरले जाते. वरच्या दांडीला पोलादी पाते आणि खालच्या दांडीला सुपारी न घसरावी म्हणून किंचित खोलगट बैठक असते. खिळा सैल असला तर पाते बाजूला सरकते, घट्ट असला तर हात दुखतो. उत्तम अडकित्ता उघडताना अडत नाही आणि मिटताना खडखडत नाही. सारी परीक्षा त्या एका खिळ्यात असते.

खिळ्याभोवतीची जाड जागा आणि दांड्यांची टोके एवढाच वाव कारागिराला मिळे. त्यातून त्याने पोपट, मोर, घोडा, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशी शेकडो रूपे काढली. पक्ष्याची चोच हा अडकित्त्याचा जणू स्वाभाविकच आकार आहे. काही अडकित्ते मिटले की दोन आकृती एकमेकींना भिडतात आणि उघडले की विलग होतात. वापरण्याच्या हालचालीतच चित्र पुरे व्हावे, ही कल्पकता थोर म्हणावी लागेल.

चुलीभोवतीची अवजारे

चुलीभोवतीच्या अवजारांना नटण्यास फारसा वाव नव्हता. त्यांचे देखणेपण प्रमाणात आहे. सांडशीच्या दोन्ही दांड्या मधल्या खिळ्यापासून हाताकडे लांब आणि जबड्याकडे आखूड असतात; त्यामुळे मुठीचा माफक दाब भरल्या पातेल्याची कड पकडून ठेवण्यास पुरतो. जबड्याचा बाक भांड्याच्या काठाला साजेसा नसेल तर भांडे कलते, आणि कलत्या भांड्यातील उकळती आमटी ही थट्टा नव्हे. चिमट्यात खिळाच नसतो. एकच पट्टी मधोमध वाकविलेली असते आणि तिचा ताण हाच तिचा सांधा. धातू नरम राहिला तर चिमटा काही दिवसांत उघडेनासा होतो. अति कडक झाला तर वाकणावर मोडतो.

फोडणीची लोखंडी पळी खोलगट आणि लांब दांड्याची असते. थोडे तेल चटकन तापावे, पण आच हाताला लागू नये, या दोन गरजांचा तो आकार आहे. दांड्याचे टोक वळवून आकडा केलेला असतो, कारण चुलीजवळच्या भिंतीवर खुंटी असे. झारा म्हणजे तर छिद्रांचे गणित. छिद्रे जवळजवळ पडली तर पत्रा दुबळा होतो, दूरदूर पडली तर तेल निथळत नाही. म्हणून ती मध्यापासून वर्तुळाकार रांगांत पाडलेली असतात आणि हीच उपयुक्त मांडणी पाहणाऱ्याला नक्षी वाटते. बुंदीच्या झाऱ्यात छिद्राचा आकारच कळीचा आकार ठरवितो.

दिवाळीच्या आधी फळीवरून खाली उतरणारा पितळी सोऱ्या हे मळसूत्राचे उत्तम उदाहरण होय. मूठ फिरविली की दट्ट्या थोडाथोडा पुढे सरकतो आणि घट्ट पीठ चांदणीच्या आकाराच्या छिद्रातून काटेरी चकली होऊन बाहेर पडते. करंजीची कड कातरणारे नागमोडी चाकाचे कातणे तर इतके लहान असते, की त्याला अवजार म्हणावयास कोणी सहज तयार होणार नाही. तरीही त्याचे चाक आसावर एकसारखे फिरावे लागते आणि दाते समान अंतरावर असावे लागतात.

तांबे, पितळ, कांसे

लोखंडाच्या पलीकडे तांब्याचे जग आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे त्याचे परिचित केंद्र. पेशवाईच्या आश्रयाने तेथे वसलेल्या तांबटांच्या ठोक्यांचा आवाज हीच त्या आळीची ओळख होती. विदर्भात पितळी भांड्यांसाठी भंडारा शहराचे नाव घेतले जाते.

तांबे थंड असतानाही ठोकून वळविता येते. परंतु ठोकता ठोकता ते कडक होत जाते आणि पुढचा घाव सोसेनासे होते. मग ते लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. येथे एक गमतीचा विरोध आहे. तापलेले पोलाद पाण्यात बुडविले की कठीण होते. तापलेले तांबे पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. घडण पूर्ण झाल्यावर तांबट गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने भांड्याच्या सर्वांगावर ओळीने ठोके देतो. यास मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याची एक चकाकती टिकली उठते आणि भांडे आरशाच्या तुकड्यांनी मढविल्यासारखे दिसते. हे केवळ सौंदर्यासाठी नसते. शेवटच्या या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. घंगाळ, बंब, हंडा यांवरील ती चमक ही त्यांची ताकद होय.

तांब्या या भांड्याचे नावच धातूवरून पडले आहे आणि तो स्टीलचा झाला तरी नाव सुटलेले नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारतातील अभिकल्पाविषयी एक अहवाल सादर केला. त्यात नित्याच्या वस्तूंपैकी सर्वाधिक प्रशंसा त्यांनी केली ती लोट्याची, म्हणजे तांब्याच्या सख्ख्या भावंडाची. किती पाणी मावावे, हाताची पकड कशी असावी, कमरेवर किंवा डोक्यावर नेताना तोल कसा राहावा, रिकामे असताना व भरलेले असताना गुरुत्वमध्य कोठे यावा, ओतताना धार कशी पडावी, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरे या एका आकारात पिढ्यांनी शोधून ठेवली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. ज्या वस्तूला येथे कोणी विशेष मानत नव्हते, ती एका राष्ट्रीय संस्थेच्या जन्मकथेचा भाग झाली.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना एक दोष असतो. चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांशी धातूची प्रक्रिया होऊन पदार्थ कळकतो आणि तो पोटास अपायकारक ठरतो. त्यावरील उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकून आतील पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो सर्वत्र पसरावयाचा. कथील केवळ २३२ अंशांना वितळते, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेच्या लहान भट्टीवरही होते. पांढऱ्या धुराचा लोट आणि काळवंडलेल्या पातेल्यात क्षणात पसरणारी चांदी हे दृश्य एका पिढीच्या बालपणाचा भाग आहे. कल्हईवाला दुर्मिळ झाला आणि त्याबरोबर पितळी पातेले स्वयंपाकातून उठून शोभेच्या फडताळात गेले.

कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. वाजविला की तो घंटेसारखा घुमतो. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे हा घरगुती उपचार अजूनही अनेक घरांत चालतो. त्या वाटीचा काठ आणि बूड इतके गुळगुळीत असावे लागते, की त्वचेला कोठेही ओरखडा जाणवू नये.

सण आणि भाषा

या अवजारांना वर्षातून विश्रांतीचा आणि मानाचा असे दोन्ही दिवस मिळतात. नागपंचमीला चिरू नये, भाजू नये, तळू नये असा संकेत आहे. त्या दिवशी विळी बाजूला राहते, तवा चुलीवर चढत नाही आणि उकडलेली दिंडे ताटात येतात. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर हत्यारांची पूजा होते. कारागिराची ऐरण, शेतकऱ्याचा विळा आणि घरातील विळी-कात्री यांना त्या दिवशी हळद-कुंकू वाहिले जाते.

भाषेत तर ही अवजारे घरापेक्षाही अधिक टिकून आहेत. दोघांचे पटत नसेल तर त्यांचे विळ्या-भोपळ्याएवढे सख्य असते. दोन्हीकडून कोंडीत सापडलेला माणूस अडकित्त्यात सापडतो. टोमणा मारणे म्हणजे चिमटा काढणे. ज्यांनी कधी अडकित्ता हातात धरला नाही, त्यांच्याही तोंडी हे वाक्प्रचार आहेत. वस्तू गेली आणि सावली उरली, असा हा प्रकार.

संग्रहालयात

या वस्तूंचे मोल ओळखून त्या जतन करण्याचे मोठे कार्य पुण्यात झाले. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साथीने आयुष्यभर तो ध्यास सांभाळला. बालवयात निधन पावलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालयाला राजा दिनकर केळकर संग्रहालय असे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. बाजीराव रस्त्याजवळील या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा तेथील अडकित्ते, विळ्या, दिवे, कुलपे, दौती आणि स्वयंपाकाची भांडी हीच त्याची खरी ओळख होय. अहमदाबादच्या विशाला येथील 'वेचार' हे केवळ भांड्यांना वाहिलेले संग्रहालय १९८१ पासून असेच काम करीत आहे. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडविलेल्या वस्तूंतील सौंदर्याचा पुरस्कार केला आणि १९३६ मध्ये टोकियो येथे लोककलेचे संग्रहालय उघडले. केळकरांचा ध्यास त्याच जातीचा होता.

तथापि संग्रहालयातील वस्तूंच्या खाली घडविणाऱ्याचे नाव सहसा नसते. चित्रकार सही करतो. लोहार करीत नाही. तांब्यावर, घागरीवर ठोक्यांनी कोरलेले नाव असते, पण ते मालकाचे किंवा भांडे भेट देणाऱ्याचे.

मोडीचा काटा

या वस्तू गेल्या कोठे, या प्रश्नाचे उत्तर भांड्यांच्या दुकानातील तराजूत आहे. स्टील आले तेव्हा ते खरोखर सोयीचे होते. त्याला कल्हई नको, चिंचेने घासणे नको, गंज नाही. घरातील स्त्रीचे कष्ट त्याने कमी केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या बदलात जुने पितळ मोडीत गेले. मोडीचा भाव वजनावर ठरतो. पितळ किती, एवढेच काटा पाहतो; मठाराचे ठोके, बिजागरीचा खिळा, मोराची मान यांना तेथे किंमत नसते. नव्या भांड्याच्या किमतीतून घडणावळ वसूल होते आणि जुन्या भांड्याच्या किमतीतून ती वजा होते. पिढीजात अवजारे या हिशेबात वितळून गेली.

घडविणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. कारखान्यात साच्यातून कापलेले उलथणे किंवा कोयता घिसाड्याच्या वस्तूपेक्षा स्वस्त पडतो. कोळसा महागला, ट्रॅक्टर आल्याने शेतीची अवजारे कमी झाली आणि फिरस्तीमुळे मुलांचे शिक्षण वारंवार खंडित होत राहिले. त्या मुलांनी भट्टी सोडून शाळेची वाट धरली तर त्याबद्दल शोक करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या देखणेपणाचे कौतुक करावयाचे, त्याच्यामागे रस्त्याकडेचे पाल होते, हे विसरून ते कौतुक पुरे होत नाही. पण जे अजून भट्टी पेटवितात, त्यांच्याशी विळीच्या दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करणारा ग्राहक दुसऱ्या दिवशी यंत्राने ठोक्यांचे ठसे उठविलेला तांब्या चौपट दराने विकत घेतो, ही विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

जपणूक कशी करावी

घरातील जुने अवजार टिकविणे अवघड नाही. लोखंडी वस्तू धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करावी आणि तिला खाद्यतेलाचे बोट फिरवावे. गंजलेला तवा घासून, तेल लावून मंद आचेवर वारंवार तापविल्यास त्यावर पुन्हा काळा थर चढतो. तो थर म्हणजे मळ नव्हे, तवा राखणारे कवच आहे. विळीची धार वापर नसला तरी अधूनमधून पाजवून घ्यावी. अडकित्त्याच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब पुरतो. पितळ-तांबे चिंच किंवा लिंबाने उजळावे, परंतु आंबटपणा राहू न देता धुवून पुसावे. कल्हई नसलेल्या अशा भांड्यात आंबट पदार्थ शिजवू वा साठवू नयेत. जुन्या नक्षीच्या वस्तूंवर यंत्राने पॉलिश करू नये. तीत ठोक्यांच्या कडा झिजतात आणि एकदा झिजलेली कड परत येत नाही.

आणखी एक गोष्ट करण्याजोगी आहे आणि तिला खर्च नाही. वस्तू कोणाची, कोठे घेतली, तिला घरात काय म्हणत, ती कशासाठी वापरीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. सराटा आणि उलथणे ही एकाच वस्तूची नावे आहेत, हे सांगणारी माणसे पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आज आहेत. त्यांना विचारून ठेवले नाही तर वस्तू फडताळात राहील, पण तिचे नाव आणि उपयोग दोन्ही नाहीसे होतील. मग ती कोणाच्या हाती लागली तरी तिला पितळाचा किंवा लोखंडाचा तुकडा समजून तराजूत टाकण्यावाचून दुसरे काही त्याला सुचणार नाही.